इंदूरात दिव्यांग प्रमाणपत्र काढताना: अर्जापासून बोर्डाच्या टेबलापर्यंत

माझ्या काकांना ५४व्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला, बोलणं अडकलं. खजूरी बाजारात बाइंडिंगच्या दुकानात उभा जन्म काढलेला माणूस. उजवा हात गेला म्हणजे रोजीच गेली. लग्न केलेलं नाही, पीएफ-बीएफ काही नाही. त्यांचं प्रमाणपत्र, कार्ड आणि मग पेन्शन या सगळ्यात आमचं पावणेदोन वर्ष गेलं. त्यातला निम्मा उशीर आमच्याच चुकांमुळे झाला. त्या चुकांसकट सगळं लिहितोय. अनुभव इंदूरचा आहे, पण मध्य प्रदेशात इतरत्रही गाडी साधारण याच रुळावरून जाते.

१. आधी हे समजून घ्या: टक्के आजाराचे नसतात

कायदा आहे २०१६चा, दिव्यांगजन अधिकार अधिनियम. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. आधीच्या १९९५च्या कायद्यात सातच होते, म्हणून जुन्या माहितीवर विसंबून कुणी "हे त्यात बसत नाही" म्हणालं तर ऐकू नका. पार्किन्सन, थॅलेसेमिया, सिकल सेल, ॲसिड हल्ल्याने झालेली इजा, वाचा आणि भाषेचं दिव्यांगत्व, हे सगळं आता त्यात आहे.

दोन आकडे डोक्यात ठेवा: ४० आणि ८०. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात, काही मोठ्या ८०पासून.

टक्के कसे मोजायचे याचे केंद्र सरकारचे नियम आहेत. २०१८ साली आले, मार्च २०२४मध्ये सुधारले. मेंदू आणि मज्जासंस्थेच्या दुखण्याबद्दल त्यांचा मुद्दा सरळ आहे: तपासायचा तो आजार नाही, आजाराने शरीरावर जे उरलं ते. एमआरआयमध्ये गाठ केवढी दिसते यावर टक्के ठरत नाहीत. हात किती उचलतो, मूठ वळते का, चालताना तोल जातो का, यावर ठरतात. म्हणूनच झटका आल्यावर सहा महिने जाऊ द्यावे लागतात. तोवर सुधारणा चालू असते, काय उरणार ते कळत नाही. आम्ही चौथ्या महिन्यातच रिक्षा करून बोर्डापुढे (टक्के ठरवणाऱ्या सरकारी डॉक्टरांच्या मंडळापुढे) पोचलो आणि तसेच परत आलो. त्या दिवसाचं भाडं आणि काकांची दमछाक, दोन्ही फुकट.

२. नावं जुळवा, विशेषतः 'ळ'

हे वाचून हसू येईल, पण आपल्या मराठी घरांची निम्मी डोकेदुखी इथेच आहे. आमचं आडनाव काळे. हिंदीत 'ळ' नाही, म्हणून समग्रमध्ये (मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंबनोंदणीत) 'काले'. तेवढं चाललं असतं. पण इंग्रजीत आधारवर के-ए-एल-ई आणि समग्रमध्ये कुणीतरी शेवटी ए टाकलेला. शिवाय आपल्याकडे मधे वडिलांचं नाव असतं. आधारवर 'वसंत गणेश काळे', समग्रमध्ये नुसतं 'वसंत काले', बँकेत 'व्ही. जी. काळे'. कॉम्प्युटरच्या लेखी ही तीन माणसं.

मध्य प्रदेशात समग्र आयडीशिवाय पान हलत नाही. कुटुंबाचा आयडी आठ आकडी, माणसाचा नऊ आकडी. अर्जात माणसाचा लागतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी आधार नीट करा, मग समग्रची ई-केवायसी करून नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारप्रमाणे करून घ्या, मग बँक. उलट्या क्रमाने गेलात तर प्रत्येक दुरुस्ती दोनदा करावी लागेल.

अर्धांगवायूच्या माणसाचा अंगठा मशीनवर नीट लागत नाही. बोटं वळलेली असतात, घामेजलेली असतात. अशा वेळी डोळ्याच्या बुबुळाने किंवा चेहऱ्याने ओळख पटवता येते. "अंगठा नहीं आ रहा, बाद में आना" असं सांगितलं तर निमूट परत फिरू नका, दुसरा मार्ग मागा.

३. फाइल बांधा

एक चांगली प्लास्टिकची फाइल घ्या आणि मूळ कागद वेगळ्या पाकिटात ठेवा. आमच्या फाइलीत हे होतं:

- आधार, समग्र आयडी, राशन कार्ड
- पत्त्याचा पुरावा (आधारवरचा पत्ता जुना असेल तर हा फार कामाला येतो)
- पासपोर्ट आकाराचे सहा-सात फोटो
- डिस्चार्ज समरी, सीटी किंवा एमआरआयचा रिपोर्ट (फिल्म असेल तर तीही)
- फिजिओथेरपीच्या नोंदी
- गेल्या सहा महिन्यांतल्या ओपीडीच्या चिठ्ठ्या, तारखेप्रमाणे लावून
- उत्पन्नाचा दाखला आणि बीपीएल यादीत नाव असेल तर त्याचा कागद
- बँकेचं पासबुक

वेगळ्या प्रकारच्या दिव्यांगत्वाला वेगळे कागद लागतात. कानाचं असेल तर ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी), लहान मुलाचं असेल तर बेरा (मुलाने उत्तर न देता होणारी ऐकण्याची तपासणी). बौद्धिक दिव्यांगत्वात बुद्ध्यांकाची आणि सामाजिक परिपक्वतेची चाचणी होते, ऑटिझमला 'इसा' नावाची मोजपट्टी, मानसिक आजाराला 'आयडियाज'. त्या 'आयडियाज'मध्ये स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद आणि काम अशा चार गोष्टी बघतात, आणि आजार किती वर्षांचा आहे तेही धरतात. म्हणून बाणगंगेच्या मानसिक चिकित्सालयातले किंवा खासगी डॉक्टरांचे जुने, पिवळे पडलेले पेपरसुद्धा टाकून देऊ नका. जुनेपणालाच तिथे किंमत आहे.

४. ऑनलाइन अर्ज, आणि आमची सगळ्यात महागात पडलेली चूक

अर्ज केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा: स्वावलंबन कार्ड डॉट जीओव्ही डॉट इन. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) दोन्हींचा अर्ज एकच. फी नाही. एमपी ऑनलाइनच्या दुकानातून भरलात तर तो दुकानदार भरण्याचे पैसे घेईल, ते ठीक. पण "बोर्ड में बात कर लेंगे" म्हणणारा कुणी भेटला तर तिथूनच नमस्कार करा.

मोबाइल नंबर घरातल्या अशा माणसाचा द्या जो फोन उचलतो. फोटो आणि सहीची फाइल छोटी करून ठेवा, मोठी असली की पोर्टल घेत नाही. सही करता येत नसेल तर अंगठा चालतो. शेवटी नोंदणी क्रमांक मिळतो. तो वहीत लिहा आणि पावती छापून फाइलीत लावा.

आता चूक. अर्जात दिव्यांगत्वाचा प्रकार निवडायचा असतो. आम्ही 'चलनवलन' निवडून पुढे गेलो. हात-पाय गेलाय, एवढंच डोळ्यांसमोर होतं. काकांची वाचाही गेली होती. झटक्यानंतर शब्द न सापडणं, याला अफेजिया म्हणतात आणि ते वाचा-भाषेच्या दिव्यांगत्वात स्वतंत्र धरलं जातं. आम्ही ते लिहिलंच नाही, त्यामुळे पहिल्या वेळी ते कुणी तपासलंही नाही. एकापेक्षा जास्त त्रास असतील तर सगळे लिहा. नजर, ऐकणं, बोलणं, हालचाल, एकेक करून घरात विचारा.

५. बोर्डाच्या आधी पंधरा दिवस वही लिहा

हा सल्ला आम्हाला फिजिओथेरपीच्या ताईंनी दुसऱ्या खेपेला दिला. रोज चार ओळी. काय स्वतः केलं, कशाला मदत लागली, किती वेळ लागला. आमच्या वहीतली एक नोंद:

"सकाळी पोहे डाव्या हाताने खाल्ले. अर्धे ताटाबाहेर. आंघोळीला मी. पायजम्याची नाडी आईने बांधली. संडासला धरून नेलं. दुपारी पाणी मागायचं होतं, 'ते... ते...' म्हणत राहिले, शेवटी माठाकडे बोट."

ही वही बोर्डाने बघितलीच पाहिजे असं नाही. आमची बघितली नाही. पण तिचा फायदा आपल्याला होतो. डॉक्टरांनी विचारलं "रोज के काम में क्या दिक्कत है?" की आपण "बहुत दिक्कत है साहब" असं मोघम बोलतो. वही लिहिली असली की तोंडातून नाडी, ताट आणि माठ निघतो.

६. बोर्डाचा दिवस

पहिल्या खेपेला काय झालं ते आधी सांगतो.

आईने आदल्या रात्री काकांचा पांढरा शर्ट इस्त्री केला. सकाळी दाढी केली, बटणं लावून दिली, वेल्क्रोचे बूट चढवले, केस विंचरले. सरकारी डॉक्टरांपुढे आपला माणूस गबाळा दिसू नये, एवढाच हेतू. काका खुर्चीत ताठ बसले. डॉक्टरांनी विचारलं, "कपड़े खुद पहन लेते हो?" काकांनी मान हलवली, हो. "खाना?" हो. आईनेही मान हलवली. मी शेजारी उभा, मीही गप्प. चार लोकांत घरच्या माणसाची लाज कशाला काढायची, असं काहीतरी आत होतं. आकडा चाळिसाच्या खाली आला. डॉक्टरांचा काही दोष नाही. आम्ही दाखवलं ते त्यांनी मोजलं.

प्रमाणपत्र एक वर्षापुरतं होतं, म्हणून पुन्हा तपासणीची वेळ आलीच. तेव्हा आम्ही दोन्ही प्रकार भरून गेलो. शर्ट तोच, पण वरची दोन बटणं उघडी राहू दिली, कारण सकाळी ती काकांना लागली नव्हती आणि आम्ही लावून दिली नाहीत. डॉक्टर म्हणाले, "दादा, ये बटन लगाओ." काकांनी डावा हात वर नेला. बटण भोकापर्यंत जायचं आणि निसटायचं. उजवा हात मांडीवर पडलेला, त्याचा आधार नाही. कुणी काही बोललं नाही. एक बटण लागलं, तेही तिरकं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं आणि पुढे सरकले.

मग बोलण्याची तपासणी. समोर किल्ली धरली, "ये क्या है?" काका अडले, मग म्हणाले, "कि... किल्ली." समोरच्या मॅडमना वाटलं, शब्द चुकला. जन्म इंदूरात गेलेला, राजवाड्यापासून सराफ्यापर्यंत हिंदीत भांडलेला माणूस. पण झटक्यानंतर त्यांची हिंदी मागे पडली आणि घरची मराठी तेवढी थोडी शाबूत राहिली. मी सांगितलं की हा मराठी शब्द आहे, बरोबर आहे. मॅडमनी मान डोलावली आणि पुढचे प्रश्न मला मराठीत विचारायला लावले. तर तुमच्या माणसाचंही असं असेल तर सुरुवातीलाच सांगा, "घर में मराठी बोलते हैं." शब्द येत नाही ते वेगळं आणि हिंदीतून येत नाही ते वेगळं. दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते.

त्या दिवसासाठी आणखी काही:

- दोघांनी जा. एक रांगेत, एक माणसापाशी.
- लवकर पोचा, ओपीडीची चिठ्ठी आधी काढा. नाश्ता करून जा. मधुमेह असेल तर डब्यात काहीतरी ठेवा. नंबर कधी लागेल सांगता येत नाही.
- काठी, कॅलिपर, चष्मा, श्रवणयंत्र जे रोज वापरता ते बरोबर असू द्या. घरी काठी लागते आणि बोर्डापुढे बिनकाठीचं चालून दाखवायचं, हा मोठेपणा नको.
- नेहमीची औषधं त्या दिवशी बंद करू नका. "औषध न घेता गेलं की जास्त टक्के मिळतात" असं सांगणारे भेटतात. फिट येणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे जिवावर बेतेल.
- नाटक नको. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारून बघतात, स्नायूचा ताठरपणा बघतात, बोलण्यात गुंतवून हालचाल बघतात. बनवलेलं लंगडणं त्यांना दारातूनच कळतं आणि मग खऱ्या त्रासावरही त्यांचा विश्वास राहत नाही.
- "चांगल्या दिवशी एवढं जमतं, वाईट दिवशी हेही नाही, आणि आठवड्यात वाईट दिवस इतके," असं सांगा.

७. हातात आलेला कागद वाचा

खिडकीवरच वाचा, घरी जाऊन नको. नाव, जन्मतारीख, फोटो. मग टक्के कशाच्या संदर्भात लिहिलेत ते: हाताच्या, पायाच्या की संपूर्ण शरीराच्या. योजनांना संपूर्ण शरीराचा आकडा लागतो. मग प्रमाणपत्र कायमचं आहे की ठरावीक मुदतीचं. मुदतीचं असेल तर ती तारीख कॅलेंडरवर लिहा आणि दोन-तीन महिने आधी हालचाल सुरू करा.

दोन दिव्यांगत्वांचे टक्के साधे मिळवत नाहीत, यावर आमच्याकडे बरीच वादावादी झाली. मोठा आकडा घ्यायचा. नव्वदातून तो वजा करायचा. उरलेल्याला लहान आकड्याने गुणून नव्वदाने भागायचं. आलेलं उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचं. समजा ५० आणि ३० आहेत. बेरीज ८० होईल असं वाटतं, पण होतात ६३. काकांचे साठाच्या पुढे आले, ऐंशी नाही, आणि हिशोब करून बघितला तेव्हा तो बरोबर होता. कानाचंही तसंच: चांगल्या कानाच्या टक्क्यांना पाचाने गुणून त्यात दुसऱ्या कानाचे मिळवतात आणि सहाने भागतात. म्हणून एकच कान पूर्ण गेला असेल तरी आकडा फार लहान येतो.

कार्डाचे रंग आहेत: ४०च्या खाली पांढरा, ४० ते ७९ पिवळा, ८० आणि वर निळा.

निकाल पटला नाही तर राज्याने नेमलेल्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते, ते कायद्यातच आहे. लेखी द्या, कुठला त्रास तपासायचा राहिला ते नेमकं लिहा आणि पोच घ्या. अर्ज नुसताच पडून असेल तर १८१वर सीएम हेल्पलाइन आहे, आणि दर मंगळवारी मोती तबेल्यातल्या कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते. आम्ही एकदा गेलो होतो. एका पानाचा अर्ज, वर नोंदणी क्रमांक, खाली फोन नंबर. कैफियत लांबवू नका, मागे रांग असते.

८. पेन्शन

प्रमाणपत्र आलं म्हणजे पेन्शन आपोआप सुरू होत नाही. हा वेगळा अर्ज, नगर निगमच्या आपल्या झोन कार्यालयात. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग पेन्शनला वय १८ ते ७९, बीपीएल आणि ८० टक्के लागतात. राज्याची सामाजिक सुरक्षा पेन्शन ४० टक्क्यांपासून आहे. काकांचं नाव बीपीएल यादीत होतं, त्यांना राज्याची मिळाली: महिना ६०० रुपये. त्यात काय होतं असं म्हणाल, तर काकांची रक्तदाबाची औषधं येतात. घरातल्या बाईला विधवा पेन्शन किंवा म्हाताऱ्या माणसाला वृद्धावस्था पेन्शन आधीच चालू असेल तर त्याच माणसाला दोन्ही मिळत नाहीत. आधी तो हिशोब करा.

पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. इथे एक बारीक सापळा आहे. "आधार लिंक है" असं बँक म्हणाली तरी ते खातं डीबीटीसाठी (सरकारचे पैसे थेट जमा होण्यासाठी) जोडलेलं असेलच असं नाही. "डीबीटी चालू है क्या?" असं वेगळं विचारा. दोन बँकांत खाती असतील तर पैसे शेवटी जोडलेल्या खात्यात जातात आणि आपण दुसऱ्याचं पासबुक छापत बसतो.

९. बाकीचं थोडक्यात

रेल्वेच्या सवलतीला हे प्रमाणपत्र थेट चालत नाही. रेल्वेच्या नमुन्यात सरकारी डॉक्टरांचं वेगळं प्रमाणपत्र लागतं आणि रेल्वेचं ओळखपत्र काढावं लागतं. इंदूर रतलाम मंडळात येतं. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्यांना स्लीपर आणि थर्ड एसीत ७५ टक्के सूट आहे, सोबत्यालाही तेवढीच.

व्हीलचेअर, तीनचाकी, श्रवणयंत्र हवं असेल तर केंद्राची एडिप योजना आहे. महिन्याचं उत्पन्न २२,५०० पर्यंत असेल तर साधन फुकट, ३०,००० पर्यंत असेल तर निम्म्या किमतीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी निरामय हा एक लाखाचा आरोग्य विमा आहे. अशा मुलांच्या आईबापांनी आणखी एक बघावं: मूल १८ वर्षांचं झालं की त्याच्या वतीने सही करायला कायदेशीर पालकत्व लागतं. त्याचा अर्ज कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे जातो. वाढदिवस उलटल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच चौकशी करून ठेवा.

१०. बँकेतली सही

हे कुणी सांगत नाही. उजवा हात गेला म्हणजे बँकेतली सहीही गेली. पेन्शन आली आणि काढता येईना, कारण डाव्या हाताची सही जुन्या नमुन्याशी जुळत नव्हती. बँकेला लेखी कळवा, डाव्या हाताची नवी नमुना सही द्या. सही अजिबात जमत नसेल तर अंगठा, आणि तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. बँकेला माहीत असलेले दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा लागतो.

काकांना अंगठा नको होता. पंधरा दिवस ते जुन्या कॅलेंडरच्या मागे डाव्या हाताने 'व. ग. काळे' गिरवत होते. काउंटरवरच्या मुलाने फॉर्म उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "ये बीच में क्या बनाया है?" मी म्हणालो, 'ळ' आहे. त्याने शिक्का मारला.